सासरेबुवांचं जिवंत रेकॉर्डिंग

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करावं तर ते मीच. अख्ख्या प्लॉवदिव शहरात माझ्याइतका तयारीचा माणूस सापडणार नाही. बेडरूमच्या कपाटात माझा स्टुडिओ आहे. बायकोचे हिवाळी कोट आवाज शोषून घेतात आणि बायकोचे टोमणे मी.

अडचण एकच, गाणं पूर्ण होत नाही. रोसित्साने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, धाकट्या बहिणीच्या साखरपुड्यासाठी गाणं लिहिलं होतं. मी चाल लावली, गिटार वाजवली. मग त्या गिटारवर दुसरी गिटार, दुसरीवर तिसरी, असं करता करता साखरपुडा होऊन गेला.

"लग्नाला नक्की देतो," मी म्हणालो.

"मी बारशाचं धरून चालते," रोसित्सा म्हणाली.

लग्न रविवारवर येऊन ठेपलं. पहिला नाच भावजींच्या गाण्यावर, असं मेव्हणी गावभर सांगून मोकळी झालेली.

तेवढ्यात एका मित्राच्या ओळखीने राजधानी सोफियातल्या एका नामांकित बँडचं रेकॉर्डिंग बघायला मिळालं. अट एवढीच की कोपऱ्यात बसायचं आणि खोकायचं नाही. मला वाटलं, आत विमानतळासारखी यंत्रं असतील. कसलं काय. सगळे एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत होते. एका जागी गायकाचा आवाज चिरकला. काचेमागे योर्दान्का नावाची बाई बसली होती, आणि तिच्या शब्दाबाहेर तिथे कुणीच नव्हतं. ती म्हणाली, "झालं. हेच ठेवायचं. कॉफी."

मी हळूच विचारलं, "मॅडम, ते चिरकलेलं नंतर दुरुस्त करणार ना?"

"का? तिथेच तर तो खरा वाटला."

"मग यांचं गुपित काय?"

"हे लोक घरून गाणं बसवून येतात," ती म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तिला माझं कपाट दिसत असावं.

घरी येताना मी ठरवून टाकलं. आधी तालीम करायची, सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, आणि एकदा सुरू झालं की आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही.

ड्रमवर माझा चुलतभाऊ व्लादो, गायला रोसित्सा, आणि अकॉर्डियनवर सासरेबुवा स्टामेन. सासरेबुवा आयुष्यभर बस चालवत होते आणि अकॉर्डियनही तसंच वाजवतात. कडवं संपलं की थांबतात, जणू मागून कुणीतरी उतरायचंय.

"बाबा, मध्ये थांबायचं नाही," मी तालमीत बजावलं.

"जावईबापू, दम तर खाऊ द्या."

"दम शेवटच्या थांब्यावर."

शनिवारी आम्ही बैठकीच्या खोलीत भिंतींवर गोधड्या टांगल्या. सोफियात स्टुडिओच्या दारावर कलाकाराचा फोटो आणि शांततेची सूचना बघितली होती. मीही सासरेबुवांचा फोटो छापला. रंगीत शाई संपली होती, म्हणून काळा-पांढराच. खाली लिहिलं, 'आज दुपारी. सर्वांनी शांतता राखावी.' कागद इमारतीच्या मुख्य दाराला चिकटवून आलो. वर येऊन आमचं दार नुसतं लोटलं, गिटारची वायर थेट लॅपटॉपला जोडली, हेडफोन बाजूला ठेवले आणि डोळ्यांत डोळे घालून वाजवायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्याला दार उघडलं. वरच्या मजल्यावरची पेन्कामावशी काळे कपडे घालून दारात उभी. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा. मागे काळ्या रुमालातल्या आणखी दोघी, आणि त्यांच्या मागे राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटली घेतलेले एक आजोबा. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा काळा-पांढरा फोटो असलेला कागद दारावर लावतात आणि शेजारी गहू घेऊन येतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मी व्यावसायिक कलाकार होतो.

मावशी हुंदका देत आत शिरली, सोफ्याजवळ कशाला तरी अडखळली, सावरली, आणि समोर बघते तर मयत डोळे मिटून अकॉर्डियन वाजवतंय.

"स्टामेन?" ती म्हणाली.

सासरेबुवांनी एक डोळा उघडला, मान डोलावली आणि वाजवत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते थांब्यावर थांबले नाहीत.

मावशी रडायचं का हसायचं हे न ठरवता दोन्ही करू लागली. रोसित्साने धृपद धरलं तशी मावशीने तिच्या आवाजात आवाज मिसळला. मागच्या दोघीही गाऊ लागल्या. रडायला म्हणून गळे तयार करून आलेल्या बायका, काय लागले होते आवाज! आजोबा ताल सोडून टाळ्या वाजवत होते. व्लादो त्यांच्या टाळ्यांना धरून वाजवू लागला. गाणं संपलं.

"झालं. हेच ठेवायचं. कॉफी," मी म्हणालो.

"कॉफी कसली? राकिया आयती आलीय," सासरेबुवा म्हणाले.

"मेल्या, जिवंत आहेस तर खाली जाऊन तो कागद काढ," मावशी म्हणाली. "अख्खा जिना रडतोय."

गहू सगळ्यांनी मिळून संपवला. मयताने दोनदा वाढून घेतला. मला एकदा ऐकून, जमलं तर एक छोटीशी गिटार वरून चढवायची होती, पण रोसित्साने लॅपटॉप उचलला, गाणं स्वतः लग्नाच्या हॉटेलवाल्यांना पाठवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

रविवारी नवरा-नवरी नाचले. धृपद आलं तसे पाहुणे गायला लागले, सासूबाईंनी डोळे पुसले, नवरदेव नवरीच्या पायावर पाय देऊनही हसत होता. मी मात्र कान टवकारून माझी गिटार शोधत होतो. पहिल्या कडव्यात होती. दुसऱ्यात होती. मावशी अडखळली तिथे एक 'टक्' ऐकू आलं, आणि मग शेवटपर्यंत गिटार नाही. ती माझ्याच गिटारच्या वायरला अडखळली होती आणि वायर निघाली होती.

नाच संपल्यावर मेव्हणी धावत आली आणि गळ्यात पडली.

"भावजी, गिटार काय सुंदर वाजवलीत. विशेषतः शेवटी. अगदी कुठेच मध्ये मध्ये आली नाही."

रोसित्सा केककडे बघत राहिली.

"रियाज लागतो त्याला," मी म्हणालो.