नमुन्याचा डबा

शिरधनकर भाऊंच्या हातात तुम्ही साधा पेढा ठेवलात तरी ते तो लगेच खात नसत. दोन बोटांत धरत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, "हे मुळात काय?"

पेढा आहे हे त्यांनाही दिसत असे. पण कागदाच्या वाटीसकट पेढा, की पेढा आणि शिवाय कागदाची वाटी, हे ठरल्याशिवाय त्यांच्या घशाखाली काही उतरत नसे. मोदकाचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सारण हा माल आणि उकड हे आवरण. "पण उकडही खातात की, भाऊ," असं कुणी म्हटलं की म्हणत, "खातात म्हणूनच तर भानगड आहे!" माझ्या लग्नात त्यांनी स्टीलच्या डब्यातून बुंदीचे लाडू दिले. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती: 'लाडू – भेट. डबा – आवरण. परत करण्याची अपेक्षा नाही.' माझे सासरे ती चिठ्ठी आल्यागेल्याला वाचून दाखवत.

बंदरावरच्या कस्टमच्या लहानशा ऑफिसात ते वर्गीकरणाच्या टेबलावर बसत आणि मी त्यांच्या हाताखाली. बाहेरून आलेला माल टॅरिफच्या, म्हणजे जकातीच्या दरपुस्तकाच्या, कुठल्या कलमात बसतो ते ठरवायचं काम. ऐंशीच्या दशकात नवा टॅरिफ आला तेव्हा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भाऊंनी मात्र त्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि आतल्या पानावर लिहिलं, 'कव्हर – आवरण'. एकटा जीव. बंदराकडे उतरणाऱ्या घाटीच्या वरच्या अंगाला दोन खोल्यांत राहायचे, स्वतः रांधायचे. त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे दमणूक होती. माझी प्रत्येक टिपणी निदान दोनदा परत येई.

अशात हुसेनमियाँचं खोकं आलं.

हुसेनमियाँ म्हणजे खाडीपलीकडचे म्हातारे तांडेल. आयुष्यभर गलबतं हाकली, आता गुडघे धरून बसले होते. आखातातल्या मुलाने बहिणीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला दोनशे डबे चॉकलेटच्या गोळ्या पाठवल्या होत्या. डबे निळे, बिजागरीच्या झाकणाचे, वर बर्फातून धावणारी घोडागाडी. तसला डबा तेव्हा रत्नागिरीत कुणाच्या घरात असला तर दर्शनी फळीवर असायचा.

गोळ्या ड्यूटी भरून सोडता येत होत्या. अडचण डब्याची होती. नियम असा की मालाबरोबर फेकून देण्याजोगं आवरण मालातच धरायचं. पण डबा पुन्हा पुन्हा वापरण्याजोगा असेल तर तो वेगळा माल. आणि नुसते डबे म्हणून आणायचे तर परवाना हवा. तो हुसेनमियाँकडे कुठून असणार? म्हणजे डबे जप्त.

"साहेब, पोरीचं लगीन महिन्यावर आलंय," हुसेनमियाँ म्हणाले. "मिठाई हाय, खावाची हाय. तिच्यावर मुकदमा कशाला?"

"मिठाईचं काही नाही हो, तांडेल," भाऊ म्हणाले. "हा डबा मुळात काय, तेवढं बघू दे."

बरोबर मुलगी होती, जुलेखा. भाऊंनी नमुन्याचा डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण दोनदा उघडलं, मिटलं, घोडागाडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "यात मी माझे सुईदोरे ठेवीन. जन्मभर टिकेल."

मी कान टवकारले. पुन्हा वापरण्याजोगा असल्याचा पुरावा खुद्द नवरीच्या तोंडून! मी भाऊंकडे पाहिलं. ते रुमालात नाक शिंकरत होते.

त्या दिवशी मी नोकरीतली सर्वांत झकास टिपणी लिहिली, तिच्या वाक्यासकट. भाऊंनी ते वाक्य तांबड्या शाईने खोडलं आणि समासात लिहिलं, 'ऐकीव'. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा 'ऐकीव'. असं सहा वेळा झालं.

"भाऊ, तुमच्यासमोर बोलली ती."

"मला सर्दी होती रे, पाध्ये."

"मग डब्याचं काय ठरवायचं?"

"महिनाभर वापरून बघायला नको? आपल्या खाऱ्या हवेत हे असले पत्रे टिकतात का ते कळल्याशिवाय 'पुन्हा वापरण्याजोगा' म्हणायचं कशावरून?"

सगळं ऑफिस पोट धरून हसलं. मला मात्र हसू येत नव्हतं. पुढे एकदा सहीसाठी त्यांच्या खोलीवर गेलो, तर सैपाकघरातल्या फळीवर घोडागाडी! नमुना ऑफिसबाहेर न्यायचा तर नोंद लागते. ती नव्हती. टॅरिफच्या पुस्तकाला कव्हर घालणारा माणूस सरकारी नमुना घरी वापरत होता आणि माझ्या टिपण्या परत पाठवत होता.

मी वरच्या साहेबांना निनावी पत्र लिहिलं.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नियमासाठी लिहिलं, अशी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरं ते सहा 'ऐकीव' मला टोचत होते.

साहेब आले. पंचनामा झाला. 'निळा पत्र्याचा डबा, एक. आत मीठ, जाडे, ओलसर, अंदाजे पाव किलो.' पंचनाम्यावर सही करताना भाऊंनी फक्त 'ओलसर' या शब्दावर थोडा वेळ पेन धरलं. आठवड्यात त्यांची बदली झाली, खाडीच्या तोंडाशी एका चौकीवर, जिथे होडक्यांच्या नोंदी करण्यापलीकडे काम नव्हतं. वर्गीकरणाचं टेबल गेलं. ते मला मिळालं.

त्यांच्या खणात एक कागद सापडला. तारीखवार नोंदी. 'दिवस नववा – फरक नाही. दिवस सतरावा – बिजागरी घट्ट. दिवस एकविसावा – बिजागरीपाशी तांबूस ठिपका.' खाली निकालाचा मसुदा तयार होता: 'येथील हवेत सदर डबा टिकत नाही. सबब तो केवळ आवरण. गोळ्यांसह सोडावा.' सही तेवढी बाकी होती. पंचनामा झाला तेव्हा तीस दिवस व्हायला नऊ दिवस उरले होते.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. पत्राचं सोडून. म्हटलं, "एवढ्या बारीक नोंदी, पण डब्यात मीठ ठेवलंय याचा एका शब्दाने उल्लेख नाही."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मीठ कधी कुणी पत्र्याच्या डब्यात ठेवतं का? चार दिवसांत गंज धरेल. बरणीतच ठेवतात. एकटा राहणारा माणूस, त्यांना एवढं कळत नसेल होय?"

पेढ्याच्या वाटीचा हिशेब चुकू न देणारे भाऊ उभ्या नोकरीत एकदा लबाडी करत होते, तीही ओल्या मिठाने, चिकाटीने, तीस दिवसांची. आणि मी ती पंचनाम्यात आणून ठेवली होती. आता तो मसुदा कुणाला दाखवणार? डबा कशाने गंजला ते सरकारी कागदावर होतं.

डबे जप्त झाले. गोळ्या कागदी पिशव्यांत भरून दिल्या. त्या न्यायला जुलेखाच आली. पिशव्या मोजून घेतल्या आणि विचारलं, "ते सर्दीवाले साहेब कुठे गेले?"

मी म्हटलं, "बदली झाली."

डबे गोदामात पडून राहिले आणि पुढे लिलावात निघाले. मी एक घेतला. का घेतला ते माहीत नाही. बायकोने त्यात लवंग-वेलदोडे ठेवले. भाऊ निवृत्त होऊन गुहागरला गेल्याचं कळल्यावरही मनाचा हिय्या करायला मला आणखी वर्ष लागलं. त्याच डब्यात रव्याचे लाडू भरून एसटीत बसलो.

भाऊ वाळले होते. फळीवर ओळीने रिकामे डबे, एकावरही चिठ्ठी नाही. मी घोडागाडी पुढे केली. त्यांनी 'हे मुळात काय' विचारलं नाही. लाडू काढला आणि सरळ खाल्ला. मग अंगठ्याच्या नखाने बिजागरी खरवडून पाहिली.

"गंजला नाही रे."

"नाही, भाऊ."

"म्हणजे माझी नोट खोटी ठरली असती. तुझी खरी."

"भाऊ, ते पत्र..."

"चहात साखर किती घालू तुझ्या?" ते उठत म्हणाले.

मी दोन चमचे म्हटलं.

निघताना त्यांनी डबा धुऊन, पुसून, उन्हात धरून परत दिला. रिकामा डबा द्यायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून आत काहीतरी भरलं होतं. एसटी सुटल्यावर मी झाकण उघडलं. केळीच्या पानात गुंडाळलेली घरची आमसुलं होती, मिठात मुरलेली. वर चिठ्ठी, तेच तांबड्या शाईचं अक्षर: 'मीठ आहे. पत्र्यात ठेवू नये. पोचताच बरणीत काढणे.'

बायकोने ती पोचताच बरणीत काढली. डबा कोरडा केला. भाऊ गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. डबा अजून फळीवर आहे. अधूनमधून मी त्याची बिजागरी नखाने खरवडून बघतो.