दोघांचं मिळून एक क्विंटल

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो माणिकतात्यांमुळे. अहमदपूरला शिकताना चार वर्षं त्यांच्याकडे राहिलो, जेवलो. नातं काहीच नव्हतं.

तात्या एस.टी.त कंट्रोलर होते आणि सरळ उत्तर देणं त्यांना जमत नसे. "उदगीर गाडी कधी हाय?" असं विचारलं की, "लातूरची गेली की जितका वखत नांदेडच्या गाडीला लागतो, त्याच्या निम्म्यानं." प्रवासी वैतागून चहाला जायचे आणि गाडी निघून जायची.

दुपारी जेवणं झाली की तात्या बाजेवर डोळे मिटून पडायचे. पत्र्याच्या भोकांतून आलेले उन्हाचे गोल ठिपके जमिनीवरून सावकाश सरकत असायचे. अर्धवट झोपेत तात्यांचं बोट हवेत आकडे काढायचं, की समजावं, नवं कोडं येतंय. त्यांच्या बायको, शांताकाकू, म्हणायच्या, "झोपू द्या की लेकराला!" मी मात्र त्या पिवळ्या गुंगीतच गणित शिकलो.

मागच्या महिन्यात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्यांना नांदेडला आणलं. नर्सनं वय विचारलं.

"आधार कार्डावर एक जून हाय, पर त्यो गुरुजीचा अंदाज. आमच्या गावात समदे एक जूनलाच जन्मले."

"बरं, अंदाजे सांगा. आणि वजन?"

तात्यांनी डोळे मिटले. "ह्यो पोरगा चौतीसचा. त्याच्या दुपटीत दोन कमी, ते माझं वय. मी अन् शांता मिळून बरोबर एक क्विंटल. मी तिच्याहून धा किलोनं जास्त. काढ."

"काका, मागं लाइन आहे हो!"

मी म्हणालो, "सहासष्ट वर्षं, पंचावन्न किलो." तात्या खूश. काट्यावर उभे राहिले. काटा सेहेचाळीसवर थांबला.

"गणित चुकलं की, काका!" नर्स हसली.

"गणित बरोबर हाय, माय," तात्या हळूच म्हणाले. "मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर आम्ही दोघं संगंच उभे राहायचो, मग मी एकटा. एकटी उभी राहायला ती लाजायची. ती गेल्यावर मोजलंच न्हाई."

डॉक्टर म्हणाले, आधी वजन वाढवा, मग ऑपरेशन. काय खाता, विचारलं तर तात्या म्हणाले, "एकट्यासाठी काय भाकरी थापायची? चहात खारी बुडवतो."

माझ्याकडे राहायला ते तयार होईनात. त्याच संध्याकाळी अहमदपूरला परतले. फोनवर विषय बदलतात, म्हणून शेवटी पत्र टाकलं:

ती. तात्यांस, शि. सा. नमस्कार.

रविवारी पहिल्या गाडीनं न्यायला येतो. कपडे भरून ठेवा. ऑपरेशन होऊन तुम्ही धडधाकट होईपर्यंत इथंच राहायचं आहे. सूनबाईनं तुमची खोली झाडून ठेवली आहे. आमची ओवी दुसरीत आहे, वजाबाकीला बसली की रडते. मला तिला शिकवता येत नाही, लगेच चिडतो.

यायचं नसेल तर सरळ "नाही" असं कळवा. कोडं घालून कळवलंत, तर मी ते सोडवणार नाही, घ्यायला येईन.

तुमचा,
बालाजी