राखून ठेवलेला गळा

"बघा, बघा! नवऱ्यानं असं बोलावं," बायको टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली. टीव्हीतला तो आवाज तिच्या शेजारी मफलर गुंडाळून बसलेल्या तिच्याच नवऱ्याचा होता.

परदेशी मालिकांना आवाज देणं हा त्याचा धंदा. सध्याच्या मालिकेत दोन जोडपी प्रयोग म्हणून जोडीदार बदलून राहत होती आणि त्यातल्या हळव्या नवऱ्याचा आवाज याचा होता. दिवसभर स्टुडिओत तो दुसऱ्याच्या बायकोला "दमलीस का गं?" असं विचारी. घरी आला की गळा राखायचा म्हणून कोमट पाणी आणि हातवारे. भाजीत मीठ कमी असलं तर चिमूट दाखवी, जास्त झालं तर कपाळावर हात मारी.

"अगं, मीच बोलतोय तो!" न राहवून तो म्हणाला.

"आवाज तुमचा. पण सुचतंय त्याला ना?"

"त्याला कुठलं सुचतंय? सगळं आमच्या भाषांतरकाराचं!"

"हो का?" बायकोने टीव्ही बारीक केला. "त्यांचं लग्न झालंय?"

बायको थट्टा करतेय की चौकशी, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याला कळेना आणि तेच त्याला फार लागलं. गळा गेला खड्ड्यात, आता घरी बोलायचंच, असं त्याने ठरवलं.

सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "तू खिडकीत उभी राहिलीस की घर उजळतं."

"हे मागच्या भागातलं," बायको म्हणाली. "आणि तेही त्या दुसरीला म्हटलेलं."

आता स्वतःचं काहीतरी बोलणं आलं. तो पडद्यांवर बोलला, मेव्हण्याच्या तब्येतीवर बोलला, मिक्सर चालू असताना मिक्सरच्या वरताण बोलला. बायको "हं" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, "एक शब्दही बोलायचा नाही." स्टुडिओवाल्यांनी हळव्या नवऱ्याचं काम तिथल्या तिथे दुसऱ्याला दिलं. हा दुसरा आजवर फक्त दरोडेखोरांना आवाज देत असे.

नवरा घरी येऊन हातवारे करून हे सांगू लागला. बायकोने मिठाचा डबा आणून दिला.

नव्या आवाजातला भाग लागला तेव्हाही घसा बसलेलाच होता. टीव्हीतला नवरा दरोडेखोराच्या गळ्याने "दमलीस का गं?" म्हणाला. आपला नवरा सरसावून बसला. काम गेलं तर गेलं, निदान बायको तरी आता ओळखेल, वळून विचारेल, एवढीच त्याला आशा होती.

कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोचे हात थांबले. तिने डोळे पुसले आणि कधी नव्हे तो नवऱ्याचा हात हातात घेतला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा वाटलं, हे अगदी तुमचं स्वतःचं बोलणं."

नवऱ्याने जिवाच्या आकांताने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"राहू द्या," बायको त्याचा मफलर नीट करत म्हणाली. "गळा जपा."