निर्मळ विहिरीवरचं व्याख्यान

सन एकोणीसशे चौतीसच्या चैत्रात शिवऱ्याजवळच्या आमच्या गावात नारूचा विषय अधिकृतपणे उपस्थित झाला. तोपर्यंत हा दोऱ्यासारखा किडा फक्त लोकांच्या पायांतून निघत होता.

पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. लेले एकच वाक्य सांगायला आले होते: पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. पण विहीर संस्थानच्या दरबाराने बांधलेली. कारभारी आनंदरावांनी चहा पाजून शंका काढली, की गाळा म्हणणं म्हणजे पाण्यात काही आहे म्हणणं, आणि पाण्यात काही आहे म्हणणं म्हणजे दरबारात काही कमी आहे म्हणणं. डॉक्टरांच्या नव्या प्रयोगशाळेची मंजुरी याच आनंदरावांच्या सहीसाठी थांबली होती. डॉक्टर शास्त्रज्ञ असले तरी संसारी होते. त्यांनी विषय बदलून 'पाणी: एक सर्वांगीण विचार' असा ठेवला.

व्याख्यान रंगलं. शेवटी सगुणाबाई उभी राहिली. तिचा नवरा रखमाजी नारूने अंथरुणाला खिळलेला, आणि उन्हाळी नांगरट तोंडावर. गाळण्याची कुणकुण लागली होती म्हणून ती धुतलेलं फडकं घेऊनच आली होती.

"सायेब, येवढंच सांगा. पानी गाळायचं का न्हाई?"

डॉक्टरांनी आनंदरावांकडे पाहिलं. "या प्रश्नाला अनेक बाजू आहेत, बाई."

सगळ्या बाजू मिटवायला आनंदरावांनी विहिरीचा तांब्या भरून मागवला. डॉक्टर न गाळता प्याले. निष्ठेपोटी आनंदरावही प्याले. आम्ही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. सगुणाबाईने फडकं कमरेला खोचलं.

पुढच्या चैत्रात डॉक्टर पुन्हा आले, ते लंगडत. आनंदरावांच्या पायालाही पट्टी होती. दरबारी भाषेत तिला संधिवात म्हणत. मंजुरीवर सही झाली होती म्हणून असेल किंवा पाय ठणकत होता म्हणून असेल, डॉक्टर या वेळी सरळ बोलले. पाणी गाळा, आणि नारूवाल्याने विहिरीत पाय घालू नये.

पाटील गेनबांनी सर्वांच्या वतीने विचारलं, "गेल्या साली तुमीच प्यालात की. मंग खरं कंचं धरायचं?"

प्रश्न बिनतोड होता. दरसाल मत बदलणाऱ्याचं ऐकायचं नाही असं ठरवून आम्ही उठलो. घसा कोरडा पडला होता, म्हणून विहिरीवर जायला निघालो.

सगुणाबाई तेवढी बसून राहिली. रखमाजीच्या जोडीला आता तिचा थोरला भीमाही पडून होता.

"ह्योच सवाल म्या गेल्या साली इचारला हुता," ती म्हणाली. "तवा टाळ्या कुनी वाजवल्या?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. आम्ही घातली नाही. तिने विचारलं ते डॉक्टरांनाच, अशी आमची आजही समजूत आहे.