सरूमायचं बोलणं

सरूमाय झाडायला लागली की आधी देवाला पाय उचलायला लावायची.

"पाय वर घे न बा. हां. आता तिकडं सरक."

पहिल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये एकटाच होतो. मला वाटलं, मलाच म्हणते आहे. मी मुकाट्यानं दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीखालचा कचरा ओढला आणि कुणालातरी म्हणाली, "पाह्य, हे गुरुजी तुह्यापेक्षा शहाणे हायेत."

मी नालवाडीचा. बी.एस्सी. होऊन हिंगणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. सरूमाय पन्नाशीची, एकटी. झाडलोट, पाण्याचे रांजण, संडास, सगळं तिच्याकडे. आणि देव तिच्या मागं मागं शाळाभर हिंडायचा. फरशीवर शाई सांडली की ती त्याला दाखवायची, "पाह्य, पोरायनं तुह्यं अंगण कसं केलं!" संडास धुताना दटावायची, "नाक काऊन दाबतं? मले काय अत्तराचा वास येऊन राह्यला?"

महाशिवरात्रीला सारं गाव देवळात गेलं, ही शाळेत रांजण घासत बसलेली. "माय, देवळात नाही गेलीस?" मी विचारलं.

"थो इथं कामावर हाये न गुरुजी. मी तिकडं जाऊन काय करू?"

दुपारी पायरीवर भाकरी सोडली की ती एकच मागणं मागायची. "आज तरी शेवंतीले घरी धाड रे बा." शेवंती म्हणजे तिची चुकार म्हैस, असा आम्हा मास्तरांचा पक्का समज होता. कुणी विचारलं मात्र नव्हतं.

त्या वर्षी गॅदरिंगला शिक्षकांनी नाटुकलं करायचं ठरलं. मी हौसेनं लिहिलं आणि सरूमायही मीच झालो. लुगडं नेसलो, हातात खराटा घेतला. "पाय उचल न बा" म्हटल्याबरोबर मंडपात हशा उसळला. मला जोर चढला. शेवटी मी हात जोडले आणि म्हणालो, "शेवंतीले घरी धाड रे बा!" पडद्यामागून ड्रॉइंगच्या मास्तरांनी म्हशीसारखा लांबलचक हंबरडा फोडला. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. सरूमाय मागं पाण्याच्या पिंपाजवळ उभी होती. ती हसली की नाही, ते मी पाहिलंच नाही. मी टाळ्या ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मला म्हणाले, "आज शाळा झाडली नाही का हो?"

झाडली होती. नेहमीसारखीच लख्ख. फक्त आवाज आला नव्हता.

त्या दिवशी आला नाही, पुढच्या आठवड्यातही आला नाही. शेवटी मी रांजणाजवळ गेलो. ती पाठमोरी बसून नारळाच्या काथ्यानं घासत होती.

"माय, चुकलं माझं."

तिचा हात थांबला. "गुरुजी, मी मोठ्यानं बोलत होतो काय?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"मले वाटे, मनातच बोलून राह्यलो मी. घरी बोलाले कोनी नाई. मंग कामात त्याच्यासंगं बोलत जावो. साऱ्याइले आयकू जाये?"

"हो."

"शेवंतीचंबी?"

"शेवंती..." मी विचारलं. "कोण आहे ती?"

"पोरगी हाये माही. नवऱ्यासंगं विटाभट्टीवर गेलती, नागपूरकडं. आठ वर्सं झाले. निरोप नाई, काई नाई."

माझ्या कानात तो हंबरडा घुमला. मी तिच्याजवळ खाली बसलो. तिच्या हातातला काथ्या घेतला आणि रांजण घासायला लागलो.

"जोर नका लावू, फुटन थो," ती म्हणाली. "लेकरायचं पाणी हाये त्याच्यात." आणि काथ्या माझ्याकडून काढून घेतला.

"तू माझ्यावर रागाव तरी."

"तुमच्यावर काऊन रागावू? मलेच लाज वाटते. त्याच्या-माह्यातलं बोलणं म्या चौकात मांडलं. थो काय म्हणत असंन?"

माझी लाजही तिनं आपल्याच अंगावर घेतली होती. मला काही उरलंच नाही.

पुढं सहा वर्षं मी त्या शाळेत होतो. शेवंती आली नाही. सरूमाय कामात पुन्हा बोलली नाही. खराट्याचा तेवढा आवाज यायचा, आणि ती एका जागी थांबली की मी खडू खाली ठेवून वाट पाहायचो.

नंतर माझी कारंजाला बदली झाली. तिथली शाळा झाडणाऱ्या बाईचं नाव मी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. तिनं झाडलेल्या वर्गात शिरताना मी चपला दाराबाहेर काढतो. पोरं विचारतात, "सर, काऊन जी?"

"चिखल आहे," मी सांगतो. भर वैशाखातसुद्धा.