किरकिरणारा फ्लास्क

काचेच्या बाबतीत प्रयोगशाळेत काकांचा शब्द अखेरचा. तीस वर्षं भांडी धुऊन त्यांचा हात असा बसला होता की प्रोफेसरसुद्धा त्यांच्यापुढे चहाचा कप विसळायला लाजत! आधी आम्ल, मग शुद्ध पाणी, मग भट्टीत वाळवण. आणि शेवटी, डोळे मिटून, फ्लास्कच्या तोंडावरून उघडा अंगठा फिरवायचा. काच किरकिरली की पास.

संशोधक ताईंचे दोन फ्लास्क त्यांनी असेच पास केले. पृथ्वीवर जीव नव्हता तेव्हा विजांनी त्याचा कच्चा माल, म्हणजे अमिनो आम्लं, घडवली असतील का, हे ताई तपासत होत्या. दोन्हींत पाणी आणि तेच वायू. एकात आठवडाभर विजेच्या ठिणग्या, दुसरा नुसताच उकळता. महिनाअखेर निकाल आला नाही तर विषय बदला, असं त्यांच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं. म्हणजे तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

निकाल आला, तो छप्पर फाडून. अमिनो आम्लांची ही रांग! काकांनी परस्पर चौकीदाराला सांगूनही टाकलं, की आपल्याकडे जीव निघाला. मग ताईंनी दुसरा फ्लास्क तपासला. ठिणग्यांविना तो कोरा निघायला हवा होता. त्यातही तीच रांग, जरा जास्तच.

ताईंनी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, वायूवाल्याशी भांडण केलं. अखेर हताश होऊन म्हणाल्या, काका, एकदा माझ्यासमोर धुवा. काकांनी लग्नातल्या वराच्या थाटात सगळं साग्रसंगीत केलं. काच किरकिरली. ताईंनी त्यांचा अंगठाच धरला.

"काका, घामात अमिनो आम्लं असतात. फ्लास्कच्या तोंडाला लागलेला तुमच्या अंगठ्याचा घाम वाफ धुऊन खाली आणते."

पुढच्या खेपेला काकांनी दोन-दोन हातमोजे चढवले आणि चिमट्याशिवाय काचेला शिवले नाहीत. महिना संपायला एक दिवस असताना निकाल लागला. ठिणग्यांविना फ्लास्क कोरा. ठिणग्यांच्या फ्लास्कमध्ये दोनच आम्लं, नखाएवढीही नाहीत, पण अस्सल. सरांनी कागद तीनदा पाहिला आणि वर्षभराची मुदत लिहून दिली.

काकांनी ठिणग्यांच्या फ्लास्कमधल्या तपकिरी झालेल्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"ताई, यातून चालतं-बोलतं काही व्हायला किती वेळ लागेल?"

"झालंच तर कोट्यवधी वर्षं."

काकांनी धुवायच्या भांड्यांची पाटी उचलली.

"मग हा एवढ्यात धुवायला टाकू नका."