न मानणाऱ्यांचं ग्रहण

“आमी काय मानत न्हाई. पण तुळशीचं पान टाकाया काय जातंय?” असं चिवड्याच्या डब्याला पुटपुटून सांगत धोंडाबाईंनी त्यात पान टाकलं आणि झाकण दाबून बसवलं. मागे कपबश्या पुसत उभ्या असलेल्या माधवीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, ते ऐकलं. डब्यानं काही हरकत घेतली नाही.

ग्रहण मानणाऱ्याचं काम तसं सोपं असतं. पंचांगात बघावं, उपास धरावा, सुटलं की अंघोळ करावी आणि मोकळं व्हावं. न मानणाऱ्याला मात्र फार तयारी लागते. त्याला हे सगळं करून, शिवाय आपण ते का करतोय याचं कारणही हाताशी ठेवावं लागतं. उर्से गावातलं धोंडाबाई-कोंडाजीआबांचं घर या दुसऱ्या, म्हणजे पुढारलेल्या प्रकारातलं होतं.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध खंडग्रास सूर्यग्रहण येऊन बसलं. तेही ग्रस्तास्त. म्हणजे लागलेला सूर्य तसाच मावळणार, सुटलेला दिसणारच नाही. (सुटल्याशिवाय जेवायचं नाही आणि सुटलेलं बघायला मिळणार नाही, अशी न मानणाऱ्यांची दुहेरी अडचण.) सकाळपासून तुळशीपत्रांचं वाटप सुरू होतं. फराळाचे डबे, दही, लोणच्याची बरणी, फ्रीजचा वरचा कप्पा, गच्चीवरची टाकी हे नेहमीचे लाभार्थी. यंदा इन्व्हर्टरवरही एक पान ठेवण्यात आलं. गॅस सिलिंडरचं प्रकरण विचाराधीन राहिलं. अंगणातली तुळस दुपारपर्यंत नुकतीच न्हाव्याकडून आल्यासारखी दिसू लागली.

माधवीला सातवा महिना होता. आणि माधवीला ग्रहण बघायचं होतं. ही दोन वाक्यं वेगवेगळी अत्यंत निरुपद्रवी आहेत.

आकाशाचा नाद तिला लग्नाआधीपासूनचा. लोणावळ्याच्या अंगाला ढग, टोलनाक्याच्या अंगाला दिव्यांचा लखलखाट. मधल्या फटीत जे तारे उरतात ते माधवीचे. जुन्या बाजारातून आणलेली दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून टेकवायची आणि घरच्यांना रांगेत उभं करायचं. गुरूचे चार चंद्र बघून धोंडाबाई म्हणाल्या होत्या, “चार चार पोरं घिऊन हिंडतोय बिचारा, बाईमाणूस कुटं दिसंना त्याचं.” सासूचं हे निरीक्षण माधवीला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

पण दिवस जाण्याची ही दुसरी खेप होती. पहिली, मागच्या वर्षी माघात, चौथ्या महिन्यातच संपली. त्याविषयी न बोलण्याचा ठराव घरात एकमतानं मंजूर झालेला होता. सूचक कोणी नाही, अनुमोदक कोणी नाही, इतिवृत्तात नोंद नाही. अशा ठरावांची अंमलबजावणी फार कडक होते.

तेव्हा ग्रहण बघू का, हे माधवीनं रीतसर एकेकाला विचारायचं ठरवलं. घरात मानणारा कोण आहे ते एकदा कळलं की त्याच्याशी वाद घालता येईल, असा तिचा साधा हिशोब.

सुरुवात नवऱ्यापासून. निलेश तळेगावच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता आणि घरीही तो कामावरच असे. जिन्याच्या भिंतीवर त्यानं ‘सूर्यग्रहण निरीक्षण : सुरक्षित कार्यपद्धती’ असा कागद डकवलेला होता. प्रमाणित चष्माच वापरावा, त्यावर ओरखडा असल्यास बाद करावा. चष्मा लावूनच मान वर करावी, मान खाली करूनच चष्मा काढावा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्याची परात चालणार नाही. चष्म्याविना दुर्बिणीला हात लावणाऱ्यास आणि चष्मा लावूनही दुर्बिणीला हात लावणाऱ्यास सारखीच समज देण्यात येईल. (हे सगळं अगदी बरोबर होतं. निलेशचं नेहमी सगळं बरोबरच असे, म्हणून त्याच्याशी बोलणं अवघड जाई.)

“मी मानत नाही, तुला माहितेय,” तो म्हणाला. “पण आईच्या मनाला लागेल गं.”

माधवी आईंकडे गेली.

“मी कशाला मानू?” धोंडाबाई म्हणाल्या. “टीवीवर सांगत्यात की समदं, सावली पडती म्हून. पण उंद्या काय वंगाळ झालं, तर विहीणबाई काय म्हनतील? सासूनं ध्यान दिलं न्हाई म्हनतील.”

विहीणबाई म्हणजे माधवीची आई, पद्मजाबाई. तळेगावच्या शाळेत त्यांनी जन्मभर बॅटरी, मोसंबं आणि लिंबू घेऊन ग्रहण शिकवलेलं. माधवीनं त्यांना फोन लावला.

“वैज्ञानिकदृष्ट्या काहीएक होत नाही,” त्या ठणकावून म्हणाल्या. मग आवाज उतरवून, “पण तू सासरी आहेस, माधवी. धोंडाबाईंना काय वाटेल?”

डॉक्टरबाईंनीही काही होत नाही असं सांगितलं आणि घरच्यांचं ऐकायला सांगितलं. घरच्यांपैकी कोंडाजीआबा तेवढे उरले होते. त्यांनी गावाकडे बोट दाखवलं. “आपल्याला काय न्हाई, पोरी. पन गाव नावं ठिवंल.” गाव म्हणजे शेजारच्या झुंबरबाई. त्या कुंपणावरूनच म्हणाल्या, “आमच्यात कोन मानतंय आता? पर कोंडाजीभाऊंचं घर पडलं जुन्या वळनाचं. त्यांच्यासाठी आमीबी आपलं काय शिजवलं न्हाई.”

अशा प्रकारे चौकशी पूर्ण झाली. विचारणा झालेल्यांपैकी ग्रहण मानणारे : निरंक. घरात सकाळपासून अन्न घेतलेले : निरंक. (माधवीला पोहे मिळाले होते. कोथिंबिरीसोबत आणखी एक पान होतं.) मानणारा एकही इसम आढळून न आल्यानं हरकत घेण्यासही कोणी उरलं नाही. मुदतीत हरकत न आल्यास संमती गृहीत धरतात, या न्यायानं माधवीला परवानगी मिळाली.

पाचच्या सुमारास निलेश आबांना घेऊन गच्चीवर गेला. डोळ्यांवर प्रमाणित चष्मा, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

“ह्ये रं कशापायी?” आबांनी विचारलं.

“उंचीवर काम आहे.”

“सूर्य पडंल व्हय खाली?”

निलेशनं हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. कार्यपद्धतीत हा प्रश्न नव्हता. मग आबांनी चष्मा लावला, मान वर केली आणि बराच वेळ तसेच राहिले. “आयला,” ते हळूच म्हणाले. “खरंच खाल्लाय की!” सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसाच्या आवाजात थोडा हेवाही होता.

आबांना आता राहवेना. बुंदीचा झारा उन्हात धरला की त्याच्या प्रत्येक भोकातून एकेक सूर्य पडतो, हे त्यांना सुनेनंच शिकवलं होतं. त्यांनी झारा आणला. गच्चीचं दार पश्चिमेला. उतरतं ऊन दारातून थेट जिन्यात शिरत होतं. आबांनी दारात झारा धरला आणि जिन्याच्या भिंतीवर चिमुकले सूर्य सांडले. प्रत्येकाचा एका बाजूनं लचका तोडलेला.

माधवी नेमकी तेव्हा शेवटच्या पायऱ्या चढत होती. “आबा, सुंदर!” ती म्हणाली, आणि हसली. आबा खूश होऊन जरा सरकले. भिंतीवरचे सूर्यही सरकले आणि त्यातले पाच-सहा तिच्या पोटावर येऊन बसले.

अप्रत्यक्ष निरीक्षण पोटावर चालतं का, याविषयी कागदावर काही नव्हतं. निलेश कागद आठवत राहिला. माधवीला मागचा माघ आठवायला वेळ लागला नाही. तिनं दोन्ही हात पोटावर घेतले, भिंतीला पाठ लावून अंधाऱ्या कोपऱ्यात सरकली आणि तिथेच पायरीवर बसली.

मानणारा इसम अखेर सापडला होता. इथवर माधवीच्या बाजूनं उभं राहून धोंडाबाईंना, विहीणबाईंना आणि त्या बिचाऱ्या तुळशीला हसलेल्या वाचकांची इथे जरा पंचाईत होईल. त्याला इलाज नाही. त्यांनीही हवं तर आपापल्या घरी चौकशी करून पाहावी. सुरुवात दुसऱ्यापासून करू नये.

“अगं, पण तू तर मानत नाहीस,” निलेश म्हणाला. हेल्मेट त्याच्या हातात आलं होतं.

“नाहीच मानत,” माधवी म्हणाली. “पण भीती वाटतेय मला.”

आबांनी झारा खाली घेतला. वर हळूहळू मावळायला निघालेला तो उष्टा सूर्य आता कोणीच बघत नव्हतं.

धोंडाबाई खालून आल्या. गुडघ्यावर हात देत एकेक पायरी चढल्या आणि सुनेच्या शेजारी बसल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं.

“मागल्या खेपेला कुटं गिरान व्हतं गं?” त्या म्हणाल्या. “आभाळ कसं निर्मळ व्हतं तवा. तरीबी गेलंच की आपलं लेकरू.”